गच्चीचे चीफ

आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर चादर वाळत घालायची असेल तर आधी परवानगी काढावी लागे. बनियन-टॉवेलला लागत नसे. पण चादर, साडी, धोतर, थोडक्यात वाऱ्यानं फुगेल असं काहीही, हे 'हवेतलं वाहन' समजलं जाई. त्याचं तोंड कुठल्या दिशेला ठेवायचं, चिमटे किती लावायचे आणि ते खाली कधी उतरवायचं, हे सगळं चीफ ठरवत. एकदा मी परवानगीशिवाय लुंगी टाकली. संध्याकाळी ती चौकोनी घडी घालून माझ्या उशीवर ठेवलेली होती आणि वर चिठ्ठी होती : 'विनापरवाना उड्डाण. पहिली ताकीद.'

अंबरनाथ पश्चिमेला, स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर ती तीन मजली बिल्डिंग होती. लिफ्ट नव्हती. तिसऱ्या मजल्यावर चीफ एकटेच राहत आणि त्यांच्या बाहेरच्या खोलीत मी चार वर्षं भाडेकरू होतो. आता मी बदलापूरला राहतो. माझ्या खिडकीच्या ग्रिलवर रोज सकाळी कबुतरांची मीटिंग भरते, जाळी लावली तरी भरते, आणि दर वेळी मला चीफ आठवतात. कारण आमच्या त्या बिल्डिंगवर कधी कबुतर बसत नसे. आजूबाजूच्या बिल्डिंगी वरून पांढऱ्या झालेल्या, आणि आमची स्वच्छ. असं का, हा प्रश्न आम्हाला कुणालाच पडला नाही. चांगल्या गोष्टीचं कारण कोण विचारत बसतं.

चीफ म्हणजे कशाचे चीफ, तर हवाई दलाचे. म्हणजे तसे ते नव्हते, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण हवाई दलात वीस वर्षं होते एवढं नक्की. मूळचे चामटोलीचे, भातशेतीवाल्या घरातले. नोकरी संपल्यावर एका कारखान्याच्या गेटवर वॉचमनकी केली आणि मग अंबरनाथला हा फ्लॅट घेतला. हवाई दलात तुम्ही काय होतात असं विचारलं की ते एकच शब्द बोलत, "ऑपरेशन्स." आणि अशा नजरेनं बघत की पुढचा प्रश्न आपोआप गिळला जाई. मी तो चार वर्षांत निदान वीसदा गिळला असेन.

स्वतःबद्दल ते बोलत नसत. बोलत ते चीफबद्दल. म्हणजे हवाई दलाच्या सगळ्यात वरच्या अधिकाऱ्याबद्दल, ज्याच्या गाडीवर चार तारे असतात. प्रत्येक गोष्टीची सुरुवात "चीफ असतो ना," अशी व्हायची. चीफ असतो ना, तो कधी धावत नाही. तो धावला की खालचे पळत सुटतात. चीफ असतो ना, तो घड्याळ बघत नाही, लोक त्याला बघून घड्याळ लावतात. चीफनं विमान उडवायचं नसतं, दुसऱ्यांची विमानं नीट खाली येतील हे बघायचं असतं. भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून वाद झाला तरी ते म्हणत, चीफ असतो ना, तो जुडी उलटी करून बघत नाही. हे ऐकून ऐकून बिल्डिंगनं त्यांनाच चीफ म्हणायला सुरुवात केली. ते हो म्हणाले नाहीत आणि नको असंही म्हणाले नाहीत.

त्यांचा जीव होता गच्चीच्या किल्लीत. ती त्यांनी बुटाच्या नाडीत ओवून गळ्यात घातलेली असे, अंघोळीलासुद्धा काढत नसत. बायको गेली त्या वर्षी सोसायटीनं गच्चीची जबाबदारी त्यांच्यावर टाकली होती. माणूस कशात तरी गुंतलेला बरा, एवढाच त्यामागचा विचार. पण चीफनी ती जबाबदारी म्हणजे नेमणूक मानली. गच्ची म्हणजे हवाई हद्द. रोज सकाळी सहाला ते कडक इस्त्रीच्या शर्टात वर जात आणि साडेसहापर्यंत वरून एक विचित्र आवाज येत राही, "हॉऽऽ हो! हॉऽऽ हो!" बिल्डिंगचं एकमत होतं की हा प्राणायामाचा कुठलातरी लष्करी प्रकार असावा. पहिल्या मजल्यावरच्या एकानं घरी करून बघितला आणि त्याची पाठ धरली.

गच्चीच्या टोकाला बांबूवर एक पट्ट्यांचा पायजमा फडकत असे. पायजम्याचा एकच पाय, खालून शिवलेला नाही, वाऱ्यानं फुगणारा. वाऱ्याची दिशा कळायला विमानतळावर कापडी नळी असते, ती ही. दुसरा पाय कपाटात घडी घालून ठेवलेला होता आणि त्याला ते 'राखीव' म्हणत. पायजमा कारखान्यांच्या बाजूनं फुगला की चीफ जिन्यातून आवाज देत खाली येत, "खिडक्या बंद! दहा मिनिटांत वास!" आणि बरोबर दहा मिनिटांत वास येई. तो बहुतेक वेळा मी जिथं कामाला होतो त्याच कंपनीचा असे, पण मी सगळ्यांबरोबर नाक मुरडून खिडकी लावून घेत असे.

मला त्यांनी आपला एडीसी नेमलं होतं, म्हणजे चीफचा खास मदतनीस. काम एकच, चिमट्यांची पिशवी धरून दोन पावलं मागं उभं राहायचं. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडची मंडळी घर बघायला आली. चीफनी त्यांना चहाच्या आधी गच्चीवर नेलं, हवामानाचा अंदाज सांगितला आणि भावी सासऱ्यांना पायजम्याखाली उभं करून वाऱ्याचा वेग समजावला. सासरे खाली येताना मला हळूच विचारू लागले की हे गृहस्थ कोण. मी म्हणालो, चीफ. आणि लग्न जमलं. मुलगा मोठ्या लोकांत ऊठबस करतो असं काहीतरी त्यांनी धरलं असावं.

चीफना बिल्डिंगमध्ये एकच शत्रू होता. तळमजल्यावरच्या काकू. त्या देवगडकडच्या, पण जन्म सगळा अंबरनाथला काड्यापेटीच्या कारखान्यात गेलेला. गुडघे गेले होते, त्यामुळे जिना चढणं बंद. दर उन्हाळ्यात गावाहून फणस यायचे आणि काकू फणसाचे पापड करायच्या. ते वाळवायला ऊन पाहिजे, ऊन गच्चीवर, आणि गच्ची चीफकडे. दर वर्षी काकू माझ्या हाती परात वर पाठवत आणि दर वर्षी चीफ ती तशीच खाली पाठवत. सोबत निरोप, "गच्चीवर अन्न चालणार नाही. अन्न आलं की पक्षी येतात. पक्षी आले की अपघात होतो."

कसला अपघात, हे कुणालाच कळत नसे. अंबरनाथच्या आमच्या गल्लीवरून कुठलं विमान जाणार होतं? काकू खालून ओरडत, "तीस वर्षं गंधकात काढल्येत मी. अपघात मला शिकवू नका म्हणावं." मग पापड पार्किंगमधल्या स्कूटरच्या सीटवर वाळत पडत. निम्मे कावळे नेत आणि उरलेल्यांना पेट्रोलचा वास येई. काकू ते मुद्दाम तळून वर पाठवत. चीफ ते निमूट खात आणि मला म्हणत, चव चांगली आहे, पण इंधन जास्त झालंय. बारा वर्षं हे युद्ध चाललं होतं.

आता त्या मीटिंगबद्दल. आमचे सेक्रेटरी बदलापूरला स्पर्धा परीक्षांचे क्लास घेत. त्यांच्या मुलीच्या मेंदीला चीफनी गच्ची दिली, पण संध्याकाळी सहापर्यंतच. सहा वाजून दोन मिनिटांनी ते स्वतः वर जाऊन उभे राहिले आणि अर्धी मेंदी काढलेल्या बायका हात वर धरून ओळीनं खाली उतरल्या. सेक्रेटरींनी हे मनात ठेवलं. पुढच्या महिन्यात पार्किंगमध्ये सोसायटीची सभा भरली तेव्हा ते सामान्यज्ञानाचं जाडजूड गाइड घेऊन आले, खूण घातलेलं पान उघडलं आणि खणखणीत आवाजात वाचलं : हवाई दलप्रमुखांचा कार्यकाळ तीन वर्षे किंवा वयाची बासष्ट वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते.

मग चष्म्यावरून बघत त्यांनी चीफना वय विचारलं. चीफ म्हणाले एकाहत्तर. किल्ली किती वर्षं तुमच्याकडे आहे? चीफ म्हणाले बारा.

आम्ही सगळे सरसावून बसलो. आता ठिणगी उडणार, निदान दहा मिनिटं तरी करमणूक होणार, असं वाटत होतं. चीफ उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा एकदम लहान दिसायला लागला होता.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "माझी चूक झाली. मी नऊ वर्षं जास्त राहिलो."

भांडायला आलेल्या माणसासमोर कुणी असं केलं तर काय करायचं, हे गाइडमध्ये दिलेलं नव्हतं. सेक्रेटरी म्हणायला लागले, तसं नाही हो, मी आपलं गमतीनं. पण चीफ आता थांबणार नव्हते. त्यांच्या दोनच अटी होत्या. पदभार रीतसर सोपवला जाईल, आणि ज्येष्ठतेप्रमाणे सोपवला जाईल. ज्येष्ठता म्हणजे बिल्डिंगमध्ये राहायला कोण आधी आलं. सेक्रेटरींनी रजिस्टर काढलं, पानं उलटली आणि चष्मा काढून पुसला. बिल्डिंगला रंगसुद्धा लागला नव्हता तेव्हा राहायला आलेलं पहिलं नाव तळमजल्याच्या काकूंचं होतं.

सगळे हसले. काकू सगळ्यांत मोठ्यानं. सेक्रेटरी म्हणाले की त्यांना सोडून पुढचं नाव घेऊ, त्या बिचाऱ्या पहिली पायरीसुद्धा चढू शकत नाहीत. चीफनी मान हलवली. ज्येष्ठाला डावलायचं नाही, ते म्हणाले. एकदा डावललं की खालचे लोक वर बघायचं सोडून देतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कामावरून आलो तर ते गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून खाली बसले होते. इस्त्रीचा शर्ट चुरगळला होता. मी शेजारी बसलो. समजूत घालायची म्हणून म्हणालो, किल्ली काकूंकडे गेली तरी तुम्हाला वर यायला कोण अडवणार आहे? ते म्हणाले, ज्यानं पद सोडलं त्यानं त्या खोलीत परत डोकावायचं नसतं. चीफ असतो ना, तो गेला की गेला.

मग पायजम्याकडे बघत म्हणाले, "सकाळी सहाला मी करू काय, तेवढं मला सांग."

 मी फार हजरजबाबी माणूस आहे असा माझा समज होता, तो त्या संध्याकाळी गेला. त्यांच्या घरात मूल नव्हतं, बायको नव्हती, आणि ती पितळी किल्ली गेल्यावर त्यांच्याकडे सकाळी उठायला कारण उरणार नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

पण शोक करायला चीफना सवड नव्हती. रविवारी पदभार सोपवायचा होता आणि नव्या चीफला टोपी पाहिजे होती. आम्ही उल्हासनगरला गेलो. कॅम्प नंबर दोनमध्ये एक सिंधी टेलर लग्नाच्या बँडवाल्यांचे ड्रेस शिवत असे. दुकानात सगळीकडे सोनेरी झालरी आणि लाल कोट. चीफनी छाती काढून सांगितलं की एअर फोर्सची टोपी पाहिजे, वर चार तारे.

"एअर फोर्स?" टेलर माप घेता घेता म्हणाला. "नया बँड है क्या, साईं? विठ्ठलवाडी का?"

चीफनी त्याला शांतपणे समजावलं. एरवी तारे गाडीवर असतात, पण आमच्या मॅडमना गाडी नाही म्हणून टोपीवर. टेलर म्हणाला, "चार का नहीं आता, पट्टी पाँच की आती है." मग चीफचा आवाज चढला. पाच तारे म्हणजे गंमत वाटली का, पाचवा तारा या देशात हवाई दलाच्या एकाच माणसाला मिळालाय. टेलरनं हात जोडले, कैची घेतली आणि पाचवा तारा उसवून चीफच्या तळहातावर ठेवला. चीफनी तो रुमालात गुंडाळून वरच्या खिशात घातला. येताना रिक्षात ते दर दोन मिनिटांनी खिसा चाचपत होते.

रविवारी सकाळी नऊला पार्किंगमध्ये सगळी बिल्डिंग जमली. काकू प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या, नऊवारी नेसून, आणि अंबाड्यावर ती टोपी. अंबाडा मोठा असल्यामुळे टोपी डोळ्यांवर येत होती. शेजारच्या स्टुलावर फणसाच्या पापडांची परात होती, नुकतीच थापलेली, कारण रविवार असो की सोहळा असो, फणस थांबत नाही. चीफनी हिशेबाची यादी वाचली. दोऱ्या चार. चिमटे एकशे तीन, पैकी मोडके अकरा. पायजमा, कार्यरत पाय एक, राखीव पाय एक. एडीसी एक. इथं सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. काकूंनी यादीखाली सही केली. चीफनी बारा वर्षांत पहिल्यांदा गळ्यातली नाडी काढली आणि किल्ली दोन्ही हातांनी पुढं धरली. 

काकूंनी किल्ली घेतली नाही. टोपी जरा मागं सारली.

"आता मी चीफ ना?"

"येस, मॅडम."

"मग मला विचारायचा अधिकार आहे. एअर फोर्सात तुम्ही काय होतात? ऑपरेशन्स सांगू नका."

चीफ ताठ उभे राहिले. मला वाटतं, दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं नसतं. पण समोर चार तारे होते.

"पक्षी हाकलत होतो, मॅडम," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. लहानपणी चामटोलीला ते शेतातल्या माळ्यावर बसून भातावरची पाखरं हाकलायचे, गोफणीनं आणि ओरडून. हवाई दलात गेले तर तिथंही तेच काम मिळालं, धावपट्टीवरचे पक्षी हाकलायचं. एक घार इंजिनात गेली की विमान खाली येतं. वीस वर्षं ते पहाटेपासून धावपट्टीच्या कडेनं फटाके लावत, डबे बडवत, ओरडत फिरले. मी चार वर्षं त्यांच्या खुंटीवर जी दोरी बघत होतो आणि कुंडी टांगायची समजत होतो, ती गोफण होती.

एकदा त्यांच्या तळावर स्वतः चीफ आले, खरे. पाहणी करत करत रांगेच्या शेवटी येऊन यांच्यासमोर थांबले. यांनी गोफण पाठीमागं लपवली होती. काय काम करता, असं त्यांनी विचारलं. यांनी सांगितलं. चीफनी मान वर करून सगळं आकाश नीट बघितलं आणि म्हणाले, एकही दिसत नाही.

"आणि मग म्हणाले, कॅरी ऑन," आमचे चीफ म्हणाले. "दोनच शब्द. पुढं निघून गेले. त्यानंतर थांब म्हणून मला कुणी सांगितलंच नाही."

पार्किंगमध्ये कुणी हसलं नाही. सेक्रेटरी उगाचच गाइडची पानं उलटत होते. प्राणायामवाल्यानं आपल्या पाठीवरून हात फिरवला. मी मान वर करून बिल्डिंगच्या कठड्याकडे बघितलं. एकही नव्हतं.

काकूंनी स्टुलावरच्या परातीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "म्हणून बारा वर्षं माझे पापड खाली?"

"फणसाला कावळा हटत नाही, मॅडम," चीफ म्हणाले. "बारा वर्षांत गच्चीवर एक पक्षी बसू दिला नाही. तुमचे पापड ठेवले आणि एखादा बसलाच असता, तर मग माझ्याकडे काय राहिलं असतं?"

काकूंनी त्यांच्या हातातली किल्ली घेतली. नाडीची गाठ तपासली. मग खुर्चीतून अर्धवट उठून, एका हातानं टोपी सांभाळत, ती परत चीफच्या गळ्यात घातली.

"किल्ली माझी," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे ठेवायला दिल्येय. ही परात वर न्या आणि राखा. आज, उद्या, फणस संपेपर्यंत, आणि पुढच्या वर्षी कुरडयांचे दिवस येतील तेव्हाही. एका पापडाला जरी चोच लागली तर माझ्याशी गाठ आहे."

चीफ हलले नाहीत. हुकूम पूर्ण झालेला नव्हता आणि ते तसेच ताठ उभे राहिले. काकूंना ते कळलं. त्यांनी डोळ्यांवर आलेली टोपी सरळ केली.

"कॅरी ऑन," काकू म्हणाल्या.

चीफ कधी धावत नाही, हे त्यांचंच वाक्य. चार वर्षांत मी त्यांना जिन्यावर कधी भरभर चढतानाही बघितलं नव्हतं. पण आता ते चीफ नव्हते. त्यांनी सॅल्यूट ठोकला, परात उचलून डोक्यावर घेतली आणि एकाहत्तराव्या वर्षी दोन-दोन पायऱ्या चढत धावत सुटले.